सतरा नंबरचे दाखले

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
सोमवार, ता. ७ ऑगस्ट २०२३

चि. चन्नवीर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आज सोमवारचा उपास. स्वयंपाकाचा व्याप निम्मा, म्हणून हात मोकळा आहे. तू म्हणशील, अक्का अजून पत्रं लिहिते, फोन मोडला की काय? फोन चांगला आहे, कान मोडलेत. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिटी मारतं आणि तुझा आवाज आडातून आल्यासारखा येतो. मागच्या खेपेस काही न कळता मी तीनदा बरं बरं म्हणाले. नंतर ऋतुजाने सांगितलं की मामा डोकं दुखतंय म्हणत होता. तेव्हा पत्रच बरं. कागद शिटी मारत नाही.

इकडे सगळं ठीक. हे नेमाने नवी पेठेत दुकानी जातात. ऋतुजा तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून दर सोमवारी तुझा आकडा आणते. आजचा चारशे बारा. गेल्या सोमवारी चारशे नऊ होता. म्हणजे तुझ्या सतरा नंबरच्या औषधाचं नाव आठवड्यात आणखी तीन शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखात घेतलं. तुम्ही लोक त्याला सायटेशन म्हणता, माझ्या वहीत मी दाखला लिहिते. तो लेख छापून आला तेव्हा मी सिद्धरामेश्वराला बोलले होते, की जेवढे दाखले तेवढी बेलाची पानं वाहीन आणि पाचशे झाले की पन्नास माणसांना दासोहाचं जेवण घालीन. आज तीन पानं वाहिली. अधिक महिना चालू आहे. अधिकात वाहिलेलं दुपटीने पोचतं, असं देवळात एक बाई म्हणाल्या, पण मी दुप्पट धरलं नाही. दाखले तीन, तर पानं तीन.

हे विचारत होते, की चन्नवीरने एकसष्ट लेख लिहिले तर नाव एकाचंच का घेतात? मग स्वतःच म्हणाले, की आम्ही साठ डिझाईनं मांडतो, पण बायका एकाच साडीवर हात ठेवतात. हसू नकोस. त्यांना तेवढंच कळतं, मला त्याहून कमी.

शेजारच्या बजाबाईचा अमृत तुला आठवत असेल, शाळेचे युनिफॉर्म शिवतो तो. दिवाळीत तुझ्या बॅगेची चेन बसवून दिली होती. गेल्या पावसाळ्यात तो खोकत होता, तो साध्या औषधाला दाद न देणारा क्षय निघाला. दीड वर्ष गोळ्या घ्यायच्यात. गोळी घेतली की पोट ढवळतं, पाय जळतात. तुझा सतरा नंबर याच रोगावरचा, म्हणून मी देवळातून येताना त्यांच्या ओट्याशी थांबते आणि आकडा सांगते. वाढला म्हटलं की तो निमूट गोळी गिळतो. आपला भाऊ निंगप्पा असाच खोकत गेला, त्याला सांगायला आपल्याकडे काहीच नव्हतं. अमृत म्हणतो, तुमच्या भावाचं औषध आलं की पहिला शर्ट त्यांना शिवणार. तेव्हा गळ्याचं आणि छातीचं माप कळव.

अंगाला जप. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर मला कळव, म्हणजे वहीत लिहीन.

तुझी अक्का,
गौरम्मा


हैदराबाद,
ता. २० ऑगस्ट २०२३

ती. सौ. अक्कास चन्नवीरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. डोकं आता दुखत नाही. दाजींचं साडीचं गणित आमच्या संचालकांना सांगावं असं आहे. एकसष्ट लेखांपैकी लोकांनी उघडून पाहिला असा तो एकच. दर मार्चला संस्थेत एक तक्ता भरतो, लेख किती, दाखले किती. त्या तक्त्यात मी त्या एका लेखामुळे बरा दिसतो.

अक्का, आकड्याचं फार मनावर घेऊ नकोस. दाखला म्हणजे कौतुकच असतं असं नाही. कुणी कशासाठी नाव घेतलं, ते आकड्यात उमटत नाही.

अमृतला सांग की त्याच्या गोळ्या हेच त्याचं औषध आहे. सतरा नंबर काचेच्या नळीत जंतू मारतो असं आम्ही लिहिलं होतं. नळीतून माणसाच्या पोटात यायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि शंभरातले नव्याण्णव वाटेतच राहतात. माप नंतर कळवतो.

दाजींना नमस्कार, ऋतुजाला आशीर्वाद. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
चन्नवीर


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
सोमवार, ता. ४ सप्टेंबर २०२३

चि. चन्नवीर यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. आजचा आकडा चारशे एकवीस. तू लिहिलंस की कुणी कशासाठी नाव घेतलं याची नोंद राहत नाही. वाचून मला नवल वाटलं. एवढे शिकलेले तुम्ही, आणि साधी आहेराची वही ठेवत नाही? माझ्या लग्नातली वही अजून ट्रंकेत आहे. आपल्या दुधनी गावातल्या कुठल्या घराने खण दिला, कुणी तांब्या दिला, सगळं आप्पांच्या अक्षरात आहे, आणि त्या त्या घरच्या लग्नाला अव्वाने ते पाहून परत आहेर केला. एकही चुकवला नाही. ज्याने आपलं नाव घेतलं त्याचं आपण घ्यायला नको का? तू चारशे एकवीस जणांपैकी किती जणांना परत दाखले दिलेस? मला वाटतं हे काम तुझ्याकडून राहिलं असणार, तू लहानपणापासून विसराळू.

म्हणून मी ऋतुजाला बसवून या दोन महिन्यांतली नावं उतरवून घेतली. चीनचे आहेत, ब्राझीलचे आहेत. पोलंड देशातल्या एका बाईंनी तर एकाच लेखात तुझं नाव अकरा वेळा घेतलंय. ऋतुजाला वर्गणीशिवाय तो लेख उघडता आला नाही, पण शेवटच्या यादीत तुझ्या लेखापुढे तो कुठेकुठे आला त्या खुणा असतात, त्या तिने मोजल्या. अकरा वेळा, चन्नू. सख्खी जाऊसुद्धा एवढं करत नाही. त्या बाईंच्या नावाने मी एक जास्तीचं पान वाहिलं. यांना सांगून एक चादरही आणवली, मोरांची, दुहेरी विणीची. ऋतुजाने त्यांच्या कॉलेजचा पत्ता शोधला, परवा पोस्टात टाकली. आत चिठ्ठी ऋतुजाने इंग्रजीत लिहिली, की डॉ. चन्नवीर यांच्या बहिणीकडून, आपले उपकार आहेत. यांनी पोस्टाच्या पावतीकडे पाहून कपाळाला हात लावला. मी म्हटलं, आहेर आहे, त्याला काटकसर चालत नाही.

अमृत बरा आहे म्हणायचा. वजन दीड किलो वाढलं. शंभरातले नव्याण्णव वाटेत राहतात, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. तुला खरं लिहिते, मी त्याला निराळंच सांगून बसले आहे. एकदा गोळ्या समोर घेऊन तो रडत होता, तेव्हा म्हणाले की पाचशे झाले की औषध येणार. पाचशे हा माझ्या नवसाचा आकडा, तोच तोंडात आला. आता तो बोटांवर मोजतो, अजून एकोणऐंशी.

माप कळवलं नाहीस. गळ्यालाच टेप लावायचा आहे, डोंगराला नाही.

इथे सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे. तुझा थोडा इकडे असू दे.

तुझी अक्का,
गौरम्मा


हैदराबाद,
ता. ११ ऑक्टोबर २०२३

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र महिनाभर टेबलावर होतं. चारदा लिहायला बसलो.

पोलंडच्या त्या बाईंनी अकरा वेळा नाव घेतलंय ते सतरा नंबर खोटा आहे हे दाखवण्यासाठी. त्यांनी आमच्या कृतीप्रमाणे तो बनवला, स्वच्छ केला, आणि जंतूंवर घातला. जंतूंना काही झालं नाही. त्यांनी शोधून काढलं की आमच्या बाटलीत तांब्याचा अंश राहिला असणार. सतरा बनवताना आम्ही तांब्याची पूड वापरतो, ती शेवटी पुरती धुऊन काढावी लागते. आमची निघाली नव्हती. जंतू मेले ते तांब्याने. सतरा नंबर नुसता सोबत होता.

आणि अक्का, हे मला त्यांच्याकडून कळलेलं नाही. मला गेल्या डिसेंबरातच कळलं होतं. मी नव्याने सतरा बनवला, नव्या रीतीने, तांब्याशिवाय. त्याने एक जंतू मेला नाही. मला वाटलं हात चुकला. परत बनवला. तीनदा बनवला. मग बाटल्या कपाटात ठेवल्या आणि मार्चचा तक्ता भरला, त्यात तीनशे पंच्याऐंशी दाखले लिहिले. कुणी काही विचारलं नाही. जुलैत त्यांचा लेख आला, आणि आकडा जोरात चढायला लागला, कारण आता लोक वादासाठी नाव घेतात. तू ज्याबद्दल पानं वाहत होतीस, त्यातली बरीच ही अशी.

म्हणून माप कळवलं नाही. तो शर्ट मला अंगात घालवला नसता.

लेख मागे घ्यायचं मी ठरवलंय. त्याला आम्हा चौघांच्या सह्या लागतात. प्रयोग वैष्णवी नावाच्या माझ्या विद्यार्थिनीने केले होते. आता ती पुण्यात नोकरीला आहे, ती नोकरीही याच लेखावर लागली. तिने पहिली सही केली आणि विचारलं, की सर, तुम्हाला डिसेंबरातच कळलं होतं तर मला का नाही सांगितलं. आमचे जुने संचालक सही करत नाहीत. ते म्हणतात, चारशे लोकांनी मानलेली गोष्ट आपण का मोडायची?

अमृतला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर मलाही सांग.

आशीर्वाद मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

चन्नवीर


सोलापूर,
सोमवार, ता. २३ ऑक्टोबर २०२३, खंडेनवमी

चि. चन्नवीर यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा तांब्यापाशी आले आणि सगळं कळलं. अव्वाचं ते मोठं पातेलं आठवतं का? कल्हई गेलेल्या पातेल्यात तिने एकदा ताक ठेवलं आणि ते तांब्याने हिरवट पडून कळकलं. आप्पा तीन दिवस म्हशीला दोष देत होते, की हिचं दूधच असलं. म्हशीचं काही नव्हतं, पातेल्याचं होतं. तुझंही तेच झालं. गुण म्हशीचा नव्हता. एवढं सोपं तू मला डिसेंबरात का लिहिलं नाहीस? मी नुसती मॅट्रिक झालेली बाई आहे, पण कल्हई मला कळते.

सही घे. त्या संचालकांना सांग की माझी बहीण म्हणते, कळकलेलं ताक चारशे माणसांनी पिलं म्हणून ते चांगलं होत नाही.

पोलंडच्या बाईंना चादर गेलीच. त्या काय म्हणतील या विचाराने मला दोन दिवस लाजेने जेवण गेलं नाही. मग वाटलं, सगळ्या पानांत तेच एक पान खऱ्या कारणाने वाहिलं गेलं. बाईंनी खरं तेच सांगितलं. चादर त्यांच्याकडेच राहू दे.

आज खंडेनवमी. अमृतने शिलाई मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, आणि तोंडाला फडकं बांधून अर्धा तास चालवलं. बजाबाई रडत होती, खुशीने. त्याने मला आकडा विचारला. ऋतुजाने सकाळी चारशे सेहेचाळीस आणला होता. मी माझ्या वहीत आजवर खोटा आकडा लिहिलेला नाही, तोंडानेही कधी सांगितला नाही. आजचाही खोटा नव्हता. चारशे सेहेचाळीसच होता. मी तो सांगितला, त्याने गोळी घेतली, आणि मी घरी येऊन देवापुढे नुसती बसले. काय मागायचं तेच कळेना.

तू जेवत जा. चूक झाली म्हणून उपाशी राहायचं आपल्यात नाही.

अक्का


हैदराबाद,
ता. १४ जानेवारी २०२४

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

आज तिकडे गड्ड्याच्या जत्रेची गर्दी असेल, नंदीध्वजांची मिरवणूक निघाली असेल. मी इथे खोलीत बसून आहे.

लेख मागे घेतला. ताकाचा निरोप मी संचालकांना पोचवला नाही, पण पोलंडच्या लेखावर आणखी दोन देशांतून दुजोरा आला तेव्हा त्यांनी सही केली. आता त्या लेखाच्या प्रत्येक पानावर आडव्या लाल अक्षरांत 'मागे घेतला' असं छापलेलं दिसतं. वैष्णवीची नोकरी आजपर्यंत आहे, उद्याचं ती सांगू शकत नाही. मला संस्थेने नवीन विद्यार्थी द्यायचे बंद केलेत. ते मला योग्य वाटतं.

पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. दाखले थांबत नाहीत. लाल अक्षरं येऊन पाच आठवडे झाले, तेवढ्यात सतरा नवे आले. मी उघडून पाहिले. त्यातल्या बारा जणांनी सतरा नंबर क्षयावर गुणकारी असल्याचं लिहिलंय. ते आमचा लेख उघडतच नाहीत. एकाच्या यादीतून दुसरा उतरवतो, दुसऱ्याच्या यादीतून तिसरा. मी दोघांना कळवलं. एकाने आभार मानले आणि छापून झालंय असं लिहिलं, दुसऱ्याचं उत्तर नाही. जे मी लिहिलं ते मला पुसता येत नाही. चारशे एक्क्याऐंशी झाले आहेत.

अमृतला सांगितलंस का?

पोलंडच्या बाईंचं पत्र आलं. चादर पोचली. थंडीत पांघरतात म्हणे. त्यांनी लिहिलंय की त्यांना असं आजवर कुणी काही पाठवलं नव्हतं.

तुझा आधार वाटतो, तेवढा काढून घेऊ नकोस.

चन्नवीर


सोलापूर,
सोमवार, ता. १२ फेब्रुवारी २०२४

चि. चन्नवीर यास आशीर्वाद.

आज पाचशे झाले.

मी संक्रांतीपासून अमृतला आकडा सांगणं सोडलं होतं. ऋतुजाला यंत्र बिघडलं असं सांगायला लावलं. ते यंत्र कुठलं, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. खरं काय ते मात्र सांगितलं नाही. दर सोमवारी ठरवून जाते. ओट्याशी गेले की तो आपणहून दंड दाखवतो, बघा अक्का, मांस धरलंय. मग मी तशीच घरी येते. दहा महिने झाले, अजून आठ राहिलेत. म्हटलं, आठ महिने कसेही निघू देत, मग सांगेन.

आता नवसाचं काय करायचं ते मी यांना विचारलं. हे म्हणाले, दाखले खोटे तर नवस कशाचा? मला ते पटलं नाही. मी देवाला दाखल्यांचा आकडा बोलले होते, खरे दाखले असं काही बोलले नव्हते. चूक माझ्या बोलण्यात असेल, देवाचं देणं चुकवायचं कशाला? म्हणून आज दासोह घातला. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, चपाती, वांग्याची भाजी. पन्नास पानं मांडली, त्रेपन्न जेवले. बजाबाई अमृतला घेऊन आली. तो स्वच्छ पांढरा सदरा घालून, कडेला वेगळा बसला. आज दासोह कशाचा, असं त्याने विचारलं. मी नवस फिटला म्हणाले. तो माझ्याकडे पाहून हसला आणि दोनदा हुग्गी मागून घेतली.

त्याला नवसाचा आकडा माहीत आहे, चन्नू. मीच सांगितला होता. हे माझ्या ध्यानात आलं ते सगळे उठून गेल्यावर, भांडी घासताना.

मी आता काय करू?

अक्का


सोलापूर
६ मार्च २०२४

साहेबांना अमृतचा नमस्कार.

मी बजाबाईचा अमृत, अक्कांच्या शेजारचा. लिहायची सवय न्हाय, चुकभूल माफ करा. पत्ता ऋतुजाताईकडून घेतला, अक्कांना म्हाईत न्हाय.

दासोह झाला तवा मला कळलं की पाचशे झाले. मी आठ दिस वाट बघितली. अक्का कायच बोलंनात. मग मीच फोनवर तुमचं नाव टाकलं. सतरा नंबरचा लेख निघाला, त्यावर लाल अक्षरं हायत. मला इंग्रजी लई येत न्हाय, पर लाल अक्षर कशाला असतंय ते समद्यांना कळतं. ऋतुजाताईला विचारलं, त्यांनी रडत समदं सांगितलं.

अक्कांचा राग न्हाय. त्यांनी माज्यासाठी लई केलं. तुमचा बी न्हाय. तुमी स्वतःहून मागं घेतलं, हितं कोण आपली चूक मागं घेतंय? आमी उलटी शिवण घातली तर गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारतो की.

पर मला एक सांगा साहेब. तुमच्या औषधाला पाचशे शिकलेल्या माणसांनी खरं म्हटलं. ते खोटं निघालं. मग मी रोज ज्या गोळ्या गिळतो, त्या खऱ्या हायत हे पण कुणीतरी असंच लिवलं आसंल की? त्यांनी तरी मूळ उघडून बघितलं आसंल का? पाय जळत्यात, कान वाजत्यात, आन् बरं वाटतंय ते गोळीनं का आईच्या अंड्या-दुधानं, ते मला कसं कळावं?

नऊ दिस झाले, मी गोळी घेतली न्हाय. आईला दाखवून गालात धरतो आन् मोरीत टाकतो. हे कुणाला सांगितलं न्हाय, तुमाला सांगतो. तुमाला यातलं कळतं म्हणून.

राग मानू नका.

अमृत


हैदराबाद,
ता. १२ मार्च २०२४

चि. अमृत यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी इथे एक आकडा लिहिला होता, की तुझ्या गोळ्या किती हजार माणसांना दिल्या आणि किती बरे झाले. मग तो खोडला. आकडा खरा आहे. मूळ अहवाल मी स्वतः उघडून वाचलेत, माझ्या कामापेक्षा कितीतरी नीट केलेलं ते काम आहे. पण माझ्या हातचा आकडा तू का मानावास?

गोळी चालू कर. उद्या नाही, आज. आणि थांबवली होतीस ते दवाखान्यात सांग, लपवू नकोस. लपवल्याने काय होतं ते मी वर्षभर पाहिलंय.

हे मी अक्काला कळवतोय, त्याबद्दल माझ्यावर रागाव. ३१ तारखेला रविवारी सोलापूरला येतो. येऊन मी काय करणार, मला ठाऊक नाही. तरी येतो.

ओळख राहू दे.

चन्नवीर


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
सोमवार, ता. १५ एप्रिल २०२४

चि. चन्नवीर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू गेल्याला पंधरा दिवस झाले. ऊन फार आहे. तुझी छत्री इथेच राहिली, ती तिकडे पाठवण्यापेक्षा तू दुसरी घे.

त्या दिवशी तू आणि अमृत ओट्यावर दोन टोकांना तासभर बसलात, ते मी खिडकीतून पाहत होते. मला वाटलं हैदराबादहून माणूस आला आणि तसाच परत चालला. मग त्याने आत जाऊन टेप आणला आणि तुझं माप घेतलं. गळा साडेपंधरा, छाती चाळीस. मला इतके महिने कळवलं नाहीस ते त्याला एका मिनिटात मिळालं.

तरी तू गेल्यावर तीन दिवस त्याने गोळीला हात लावला नाही. बजाबाईने पाया पडून झालं, यांनी ओरडून झालं. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. आकडा सांगितला नाही. तोंडाला फडकं बांधून नुसती बसले. त्याने विचारलं, अक्का, काय पाहिजे? मी म्हणाले, काही नाही, तू गिळेपर्यंत बसते. नऊला बसले, अकराला त्याने गिळली. मग तोंड उघडून दाखवलं, जीभ उचलून, लहान मूल दाखवतं तसं. तेव्हापासून रोज जाते. कधी पाव तासात होतं, कधी दोन तास. स्वयंपाकाला उशीर होतो, हे दूध-पोहे खाऊन दुकानी जातात.

दवाखान्यात त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर खूप बोलले. मधे सव्वा महिना खंड पडला, कफ पुन्हा तपासायला गेलाय. आधीचे दहा महिने धरायचे की दीड वर्ष पहिल्यापासून मोजायचं, ते तपासणी आल्यावर सांगतील.

ऋतुजा म्हणाली, तुझे पाचशे पंधरा झाले. मी लिहून घेतले नाहीत. ती वही मिटली. दुसरी वही केली नाही, जुन्याच वहीची शेवटची पानं कोरी होती, ती मागून सुरू केली. त्यात अमृतच्या गोळ्यांचे दिवस लिहिते आणि प्रत्येक दिवसाचं एक पान वाहते. यात नवस काही बोलले नाही. पाचशे म्हणून एकदा बोलून बसले, तेवढं पुरे. काल अकरा झाले होते.

आज बारावा. सकाळी गोळ्या गिळल्या, तोंड उघडून दाखवलं, मी उठले, चपला घातल्या, आणि मागून तो ओकला. ओकारीत गोळी दिसली नाही. विरघळून पोटात गेली की बाहेर पडली, ते कुणाला कळणार? नर्सबाईंना फोन लावून घेतला. त्या म्हणाल्या, गिळल्यावर किती वेळाने ओकला त्यावर आहे. घड्याळ कुणी बघितलं होतं? मी म्हणते वीस मिनिटं, बजाबाई म्हणते पाऊण तास, अमृत म्हणतो धरा की अक्का, एवढं काय.

दुपारपासून वही पुढ्यात घेऊन बसले आहे. देवळातही गेले नाही. बारा लिहावेत तर खोटं लिहिलं असं वाटतं. अकराच ठेवावेत तर त्याचे दोन तासांचे कष्ट गेले. तुझ्या कामात असं झालं की तुम्ही काय करता, तेवढं मला कळव. बेलाचं पान पाण्यात ठेवलं आहे, आठवडाभर टिकेल.

शर्ट शिवून होत आलाय, कॉलर राहिली आहे. निळा आहे, शाळेच्या युनिफॉर्मातलाच कपडा उरला होता. हसू नकोस आणि नाही म्हणू नकोस.

पत्र लवकर लिही. या घरावर लोभ ठेव, आणि शेजारच्या घरावरही.

तुझी अक्का,
गौरम्मा